बाहेर देशात वाढलेलं वजन: जिम लावायच्या आधी दिवसाची घडी बसवा

सध्या सुटीवर घरी नागपूरला आलो आहे, सकाळी अंबाझरीकडे फिरायला जातो तर रोज ओळखीचं कोणी ना कोणी थांबवून विचारून राहिलं, भाऊ तुझं वजन तिकडेच वाढलं होतं न, मग तिकडेच राहून उतरलं कसं, आमचा पोरगा गेल्या वर्षी गेला तर आता फोटोत ओळखू येत नाही. प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो. मी मँचेस्टरला राहतो, पहिल्या २ वर्षांत ६८ चा ८१ किलो झालो आणि परत ७१ वर यायला ११ महिने लागले.

आधी कारण समजून घ्या. नागपुरात आपण मुद्दाम व्यायाम करत नसलो तरी दिवसाची एक घडी असते. मे महिन्यात पारा ४५ ला जातो म्हणून फिरणारे ऊन चढायच्या आत घराबाहेर, आई हाक मारून ताटावर बसवते, रात्री जेवून कोपऱ्यापर्यंत एक चक्कर होऊनच जाते. तिकडे विमानातून उतरलं की हे सगळं एकदम सुटतं आणि त्याच्या जागी काही येत नाही. मीसुद्धा जानेवारीत वर्षभराचे पैसे भरून जिम लावलं आणि महिन्याभरात जाणं बंद. डिसेंबर-जानेवारीत तिकडे आठनंतर उजाडते, डिसेंबरात तर चारच्या आत सूर्य मावळतो, ऑफिसातून सहाला निघालं की मध्यरात्रीसारखं वाटते, मग पाय घराकडेच वळतात.

म्हणून पहिलं काम, उजेडातला अर्धा तास पकडा, म्हणजे लंच ब्रेक. मी साडेबाराला बाहेर पडतो आणि घरी फोन लावतो, हिवाळ्यात तेव्हा नागपुरात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, आई दिवाबत्ती करत असते (उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ १ तास पुढे जाते तर इकडे पाच). आईशी बोलता बोलता ३० मिनिटं चालणं होते आणि ते चुकवावंसं वाटतच नाही, चुकलं तर तीच विचारते, आज फोन नाही केला का रे. आठवड्याचे ५ दिवस जोरात चाललं तर १५० मिनिटं होतात, जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसाला किमान तेवढंच सांगते, वरून आठवड्यात २ दिवस ताकदीचा व्यायाम. त्या २ दिवसांसाठी घरातच बैठका, दंड आणि सूर्यनमस्कार करा. जोर लावताना धाप लागली पाहिजे, नुसते हात हलवून उपयोग नाही.

चालणं महिनाभर टिकलं की मग धावा. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, काउच टू ५के (सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर धावण्यापर्यंत) नावाचं फुकट ॲप आहे. ९ आठवडे, आठवड्यात ३ दिवस, पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालून मग १ मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, असं २० मिनिटं. मला ९ चे १४ आठवडे लागले, गुडघा दुखला की तोच आठवडा परत केला, घाई नाही केली. गुडघ्याचा किंवा छातीचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

आणि शनिवारी पार्करनला, म्हणजे बागेत सगळे मिळून धावतात तिथे, जाच, इंग्लंडमध्ये सकाळी ९ ला असते, ५ किलोमीटर, पूर्ण फुकट, एकदा नाव नोंदवून बारकोड घ्यायचा. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ जण धावले तिथून हे सुरू झालं. सगळ्यात मागे चालायला एक स्वयंसेवक ठेवलेलाच असतो, म्हणून आपण शेवटचे येऊ ही भीती काढून टाका. मी हीटन पार्कात पहिल्यांदा पूर्ण ५ किलोमीटर चाललोच फक्त. तिकडे एकटेपणा फार खातो हो, आणि वजनामागे तोही असतो, रात्री कोणी बोलायला नसलं की माणूस फ्रीज उघडतो. शनिवारी ओळखीचे चार चेहरे दिसायला लागले तसं माझं ते रात्रीचं खाणं कमी झालं.

आता जेवण. दुपारचं सँडविच-चिप्स-कोल्ड्रिंक बंद करा, डबा न्या. रविवारी एकदाच डाळभाजी करून ठेवा, फ्रोझन पालक आणि तुरीची डाळ, वरून सांबार (कोथिंबीर), डबे भरून फ्रीजरमध्ये. ज्वारीचं पीठ मँचेस्टरच्या रशोम भागात विल्म्सलो रोडवर मिळते, भाकर शिका. प्रोटीनचा हिशोब नीट करा, किलोमागे निदान ०.८ ग्रॅम तर लागतेच, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५६ ग्रॅम, आणि वाटीभर वरणात जेमतेम ६-७ ग्रॅम असते. चणे, दही, अंडी जोडावीच लागतात. तेल चमच्याने मोजा, एका टेबलस्पूनमध्ये जवळपास १२० कॅलरी असतात, तर्री करताना आपला हात किती सुटतो ते पाहा. तर्री-पोहे सोडायची गरज नाही, चण्याचा रस्सा २ चमचे तेलातही चांगला होतो. पाकिटावर १०० ग्रॅममागे साखर किती ते वाचा, २२.५ ग्रॅमच्या वर असेल तर ठेवून द्या परत.

व्हिटॅमिन डी विसरू नका. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिकडच्या उन्हात ते पुरेसं तयारच होत नाही, म्हणून रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट घ्या असं एनएचएस सांगते, सावळ्या कातडीच्या लोकांनी तर वर्षभर घ्यायचा विचार करावा म्हणते. आपल्याकडून लोक ६०,००० युनिटचे सॅशे बॅगेत भरून नेतात आणि मनानेच घेत राहतात, तसं करू नका, रक्त तपासून डॉक्टर सांगेल तरच.

वजनकाट्यापेक्षा टेप वापरा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी पाहिजे, १७० सेंटीमीटर उंची तर ८५ च्या आत. आपल्या लोकांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच शुगरचा धोका वाढतो, २५ पर्यंत थांबू नका.

सुटीवर आलात की सावजी खा, संत्रा बर्फी खा, फक्त सकाळचं फिरणं सोडू नका. आणि परत गेल्यावरचा पहिला आठवडा फार कामाचा असतो, शरीर अजून नागपूरच्या घड्याळावर असल्याने पहाटे चारला आपोआप जाग येते. तेव्हा मोबाईल घेऊन पडून राहू नका, आदल्या रात्री चटई अंथरून ठेवा आणि उठल्या उठल्या १२ सूर्यनमस्कार घाला, मग रोज थोडं उशिरा करत करत सहावर आणून थांबा.