बंदूक कुलपात असते ना?

डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात आम्ही अकरा वर्षं राहतोय. नव्याने आलेल्या मराठी आयांचे मला फोन येतात ते तीन गोष्टींसाठी: डबा, दात आणि बंदूक. डब्याचं मी सांगते, डेंटिस्टचा नंबर देते, तिसऱ्याला मात्र तासभर लागतो. तो तास वाचावा म्हणून हे लिहून ठेवतेय. मी वकील नाही, दोन मुलांची आई आहे. नियम टेक्सासचे सांगतेय, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले बघा.

खेळायला पाठवण्याआधी

मोठा पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. वर्गातल्या मित्राने घरी खेळायला बोलावलं. सोडायला गेले आणि दारातच विचारलं, "तुमच्याकडे गन्स आहेत का?" त्या बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. "आमचा तो हक्क आहे," त्या म्हणाल्या. मी "हो, पण..." म्हणाले, आणि त्या 'पण'पाशीच दोन मुलांची मैत्री संपली.

'आहे का' असं विचारलं की इथल्या माणसाला 'तुम्ही कसली माणसं आहात' असं ऐकू येतं. त्यामागे मोठा इतिहास आहे. बंदुकीच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ सालची. स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात सांगितलं. २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो हक्क घराबाहेरही आला. टेक्सासमध्ये तर सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने बंदी नसलेल्या एकवीस वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही. तेव्हा बंदूक आहे असं धरूनच चाला. देशातल्या दर दहा प्रौढांपैकी साधारण चारजण बंदूक असलेल्या घरात राहतात. प्रश्न विचारायचा तो कुठे आणि कशी ठेवता, एवढाच.

तोही दारात उभं राहून नको. आदल्या दिवशी मेसेज पाठवा, म्हणजे समोरच्याला विचार करायला आणि गरज असेल तर कपाट आवरायला वेळ मिळतो. आधी आपल्या घरचं सांगा. माझा मेसेज साधारण असा असतो: "उद्या येतोय. त्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. पोहता येत नाही, म्हणून मागच्या स्विमिंग पूलचं दार बंद असू दे. आमच्या घरी कुत्रा नाही, बंदूक नाही. तुमच्याकडे असली तर कुलपात असते ना? मी सगळ्यांनाच विचारते." शेवटचं वाक्य विसरू नका. त्याने अर्धं काम होतं. शेंगदाणा, पूल आणि बंदूक एका दमात आले की बंदूक राजकारणातून उतरून घरकामात येते.

उत्तरं तीन प्रकारची येतात. "आमच्याकडे नाही" म्हणाले तर प्रश्न मिटला. "सेफमध्ये असते, गोळ्या वेगळ्या" म्हणाले तर बिनधास्त पाठवा. इथल्या बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटनाही हेच सांगते: बंदूक रिकामी, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. तिसरं उत्तर म्हणजे "कपाटाच्या टपावर असते, मुलांना माहीतच नाही." असं आलं की वाद घालू नका. "मग या वेळी आमच्याकडेच खेळू देत, मी पिझ्झा मागवते," एवढं लिहा. मुलांना माहीत नसतं? माझ्या आईने लाडवांचा डबा आयुष्यभर वेगवेगळ्या जागी लपवला, आणि आम्हा तिघा भावंडांना प्रत्येक जागा पाठ होती.

हा भित्रेपणा वाटत असेल तर एक आकडा सांगते. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बंदूक पहिल्या क्रमांकावर आहे, गाड्यांच्या अपघातांच्याही वर. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. मिशिगनमध्ये २०२१ साली ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

मला हे सगळं शिकवलं ते आमच्या समोरच्या आजोबांनी. निवृत्त मेकॅनिक, दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जाणारे, ट्रकवर मोठा झेंडा. चार वर्षं मी त्यांना नुसता हात करायचे. त्यांचा नातू माझ्या मुलाच्याच वयाचा निघाला, तेव्हा धीर करून वरचा मेसेज पाठवला. उत्तर आलं नाही, आजोबाच आले. "चल, दाखवतो." झोपण्याच्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात, शर्टांच्या मागे माझ्या खांद्याएवढी हिरवी तिजोरी. ती जमिनीला बोल्टने आवळलेली. त्यांनी पाठमोरं होऊन आकडे दाबले, दार उघडलं, आत चार रायफली उभ्या. गोळ्या गॅरेजमध्ये, टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात, वेगळ्या कुलपात. "नंबर नातवाच्या वाढदिवसाचा नाही," ते म्हणाले. "सगळे मूर्ख तोच ठेवतात." पुढे म्हणाले, "चार वर्षांत हे विचारणारी तू पहिली. माझ्या सुनेनेसुद्धा विचारलं नाही."

ऑफिस आणि दुकानं

ऑफिसचे लोक शुक्रवारी शूटिंग रेंजवर नेतो म्हणाले आणि तुम्ही एच-वन बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर थांबा. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या हातात घेणं संघराज्याच्या कायद्याने साधारणपणे गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असला तर सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. माझ्या नवऱ्याने हे आधी वाचलं म्हणून तो त्या दिवशी फक्त सगळ्यांच्या जॅकेटांची राखण करत बसला.

दुकानांच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांतली लांबलचक पाटी दिसेल, ३०.०६ किंवा ३०.०७ असे आकडे असलेली. पहिली लपवून नेलेल्या पिस्तुलाला मनाई करते, दुसरी उघड लावलेल्याला. लाल ५१ टक्के दिसलं तर त्या जागेची निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होते, तिथे बंदूक चालत नाही. एकच लक्षात घ्या: दुकानदाराला आपल्या जागेत 'नको' म्हणता येतं, आणि हक्कांवर तावातावाने बोलणारे लोकही ती पाटी बघून पिस्तूल गाडीत ठेवून येतात.

शाळा

टेक्सासमधल्याच उवाल्डी गावातल्या शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर इथल्या शाळांचं रूप बदललं. २०२३ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक ठेवायला सांगितलं, बऱ्याच ठिकाणी पारदर्शक दप्तरं आली. लॉकडाऊनची, म्हणजे बंदूकवाला शाळेत शिरला तर लपून बसायची, कवायत तर असतेच.

मी पुस्तकजत्रेत मदतीला गेले होते तेव्हा अशाच एका कवायतीत सापडले. दिवे बंद, दार बंद, लायब्ररीच्या मागच्या खोलीत एकोणीस मुलं भिंतीला टेकून बसलेली. एवढी लहान मुलं एवढी गप्प मी कधी पाहिली नाहीत. आणि एका मुलीला उचकी लागली. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तरी दर थोड्या वेळाने खांदे उडायचे. सगळी मुलं तिच्याकडे बघत होती, रागाने नाही, घाबरून. आपल्याकडे उचकी लागली की म्हणतो, कुणीतरी आठवण काढतंय. मी तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार?

घरी मुलाला कवायतीबद्दल विचारताना "भीती वाटली का" नका विचारू. "आज कुठे बसलात, शेजारी कोण होतं," असं विचारा, बाकीचं आपोआप बाहेर येतं.

आता नियमांचं पुस्तक. ऑगस्टमध्ये शाळा 'स्टुडंट कोड ऑफ कंडक्ट' नावाचं जाडजूड बाड ऑनलाइन पाठवते आणि मिळाल्याची सही मागते. सगळे न वाचता सही करतात. मीही केली होती, आणि ती मला महागात पडली.

दिवाळीला सासूबाई आल्या, नातवासाठी टिकल्यांचं पिस्तूल घेऊन. टिकल्या विमानात आणता येत नाहीत, म्हणून नुसतं पिस्तूल. काळं, पत्र्याचं, जड. इथे विकल्या जाणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला कायद्याने भडक नारंगी रंग लागतो, याला कुठला? तिसरीतल्या माझ्या पोराने ते 'आमचा सण' दाखवायला दप्तरात टाकलं. साडेदहाला फोन. उपमुख्याध्यापकांच्या टेबलावर ते झिपलॉकच्या पिशवीत ठेवलेलं, वर तारखेचं लेबल.

मी बसायच्या आत चार वेळा सॉरी म्हणाले. मास्तरांनी एक मारली तर घरी आणखी दोन, अशा घरात वाढलेली मी. मुलाला तिथेच झापलं, "हो हो, चूक आमचीच" म्हणाले आणि पुढे आलेल्या कागदावर सही केली. कागदावर 'हुबेहूब शस्त्र' आणि तीन दिवस निलंबन लिहिलं होतं. मुलाला एकानेही विचारलं नव्हतं की ते का आणलंस. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी आजोबांना सांगितलं. मला वाटलं होतं आता हक्कांवर भाषण ऐकावं लागणार. ते म्हणाले, "दुसऱ्या दुरुस्तीचं नाव काढू नकोस, शाळेच्या आत ती तुझ्या उपयोगाची नाही. तो कोड आण." दोघांनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चष्मे लावून वाचला. टेक्सासच्या कायद्यानुसार निलंबनाआधी शाळेला काही गोष्टी विचारात घ्याव्याच लागतात, त्यात मुलाचा हेतू आणि आधीची वागणूक येते. शिवाय १९७५ च्या गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यापासून, थोड्या दिवसांच्या निलंबनाआधीही आरोप सांगणं आणि मुलाची बाजू ऐकून घेणं शाळेवर बंधनकारक आहे.

तेव्हा असा फोन आला तर सॉरी नंतर. आधी चार प्रश्न, शांत आवाजात: नेमका कुठला नियम, कुणी काय पाहिलं, मुलाने काय सांगितलं, आणि हेतूचा विचार झाला का. उत्तरं ईमेलवर मागा. सही करायची वेळ आली तर 'मिळालं, मान्य नाही' असं लिहून करा. मी दुसऱ्या दिवशी एका पानाचं पत्र दिलं, सोबत दिवाळीत टिकल्या फोडणाऱ्या मुलांचे दोन फोटो. तीन दिवसांचा एक दिवस झाला, तोही शाळेतच वेगळ्या खोलीत बसून.

लहानसहान बाकी: दप्तर तपासायला शाळेला पोलिसांसारखं वॉरंट लागत नाही, वाजवी संशय पुरतो (१९८५, टी.एल.ओ. खटला). मुलाला शिकवा, अडवायचं नाही, पण "माझी परवानगी नाही" म्हणता येतं. झेंड्याची प्रतिज्ञा म्हणायची सक्ती १९४३ पासून नाही; इथे टेक्सासच्या झेंड्याचीही असते, आणि सूट हवी असेल तर पालकाची चिठ्ठी द्यायची. मजकूर छापलेल्या टी-शर्टवरून कुरबुर झाली तर, मुलांचा मत मांडायचा हक्क शाळेच्या दारात संपत नाही असं सांगणारा १९६९ चा टिंकर निकाल वाचा, तेरा वर्षांच्या मुलीच्या हातावरच्या काळ्या फितीची गोष्ट आहे. आणि मोठ्या मुलांना दहादा सांगा: ग्रुपवर "उद्या शाळा उडवतो" ही गंमत नाही. रात्री दारात पोलिस येतात, तेव्हा कुणी हेतू विचारत नाही.

बोर्डाची मीटिंग

शाळेचा नियम बदलावा असं वाटलं तर स्कूल बोर्डात जा. नागरिक नसलात तरी बोलता येतं. नाव नोंदवायचं, आमच्याकडे तीन मिनिटं मिळतात, मग टिंग. विषयपत्रिकेत नसलेल्या मुद्द्यावर सदस्य चर्चा करू शकत नाहीत, नुसते बघत बसतात. तो अपमान समजू नका. माझ्या आधीच्या गृहस्थांनी तिन्ही मिनिटं संविधानावर घालवली, त्यांच्यानंतरच्या बाईंनी त्यांना उत्तर देण्यात. मी एकच मागितलं: कवायत झाली की त्याच दुपारी पालकांना ईमेल पाठवा. चाळीस सेकंदांत बसले खाली. दोन महिन्यांनी ईमेल सुरू झाले.

ते पिस्तूल वर्ष संपताना परत मिळालं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, मोदकपात्राच्या मागे ठेवलंय. गेल्या शनिवारी आजोबांचा नातू आमच्याकडे यायचा होता, आदल्या रात्री त्यांचा मेसेज आला: "दूध चालत नाही. पूल नाही हे माहीत आहे. तुमच्या घरात एक बंदूक आहे असं ऐकलं, कुलपात असते ना?"

मी उठून फळीवरून ते काढलं आणि पासपोर्टच्या कप्प्यात ठेवून किल्ली फिरवली.