जुन्या लॅपटॉपसाठी पेनड्राइव्हवरचा अँटिएक्स, केलेले काम जपून ठेवणारा

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करणे अवघड नाही. अवघड आहे ते कालची फाइल, जोडलेले वायफाय आणि मराठी कीबोर्ड आज पुन्हा सुरू केल्यावर जागच्या जागी सापडणे. बहुतेकांचे अडते ते इथेच.

१ ते २ जीबी रॅमच्या मशीनवर अँटिएक्स हा लिनक्सचा प्रकार घ्या. तो डेबियन या जुन्या लिनक्सवर आधारलेला आहे, डेस्कटॉप अगदी हलका आहे आणि 'फुल' आवृत्तीत लिब्रेऑफिस असते. प्रोसेसर ३२-बिट असेल तर अँटिएक्स २३ची ३२-बिट आयएसओ (संपूर्ण प्रणाली असलेली एकच फाइल) वापरा.

पेनड्राइव्ह दोन लागतात: पहिला ४ जीबीचा, तात्पुरता, दुसरा १६ किंवा ३२ जीबीचा, कायमचा. दुसऱ्यात कंजुषी करू नका. सगळे लिहिणे-वाचणे त्याच्यावरच होणार आहे आणि स्वस्त ड्राइव्ह लिहिताना फार मंदावतात. दोन्ही ड्राइव्हवरचा आधीचा डेटा पुसला जाईल.

आयएसओ उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारी खूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून तो मिळतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड मध्येच तुटला, तर अर्धवट फाइलसुद्धा बऱ्याचदा बूट मेन्यूपर्यंत नेते आणि मग अडकते. दोष मात्र लॅपटॉपला दिला जातो.

रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने आयएसओ पहिल्या ड्राइव्हवर डीडी मोडमध्ये, म्हणजे जशीच्या तशी, लिहा. असा ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यावर बदल साठत नाहीत. म्हणूनच दुसरा ड्राइव्ह लागतो.

आता पहिल्या ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. त्यासाठी चालू करताच बूट मेन्यूची कळ दाबा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावे लागते. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) अडवत असेल तर ते बंद करा, पण विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर मालकाचा डेटा कायमचा जाऊ शकतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तर याबाबत अजिबात घाई नको.

डेस्कटॉप आल्यावर कंट्रोल सेंटरमध्ये 'लाइव्ह यूएसबी मेकर' उघडा, दुसरा ड्राइव्ह निवडा, तीच आयएसओ द्या किंवा चालू प्रणालीची प्रत काढायला सांगा. मोड 'फुल-फीचर्ड' हवा, 'डीडी' नको. निवडण्यापूर्वी ड्राइव्हचा आकार वाचून खात्री करा. चुकून आतली हार्ड डिस्क निवडली तर परतीचा मार्ग नाही. तयार झालेला ड्राइव्ह विंडोजला पूर्ण ओळखता येत नाही, त्यामुळे 'फॉरमॅट करायचे का' असा प्रश्न येऊ शकतो. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीच म्हणायचे.

दुसऱ्या ड्राइव्हवरून सुरू करताना पर्सिस्टन्स, म्हणजे बदल टिकवून ठेवण्याचा प्रकार, निवडायचा. लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बूटमध्ये एफ५ दाबून यादी येते. युईएफआय या नव्या पद्धतीत ग्रबच्या (सुरुवातीला दिसणाऱ्या) मेन्यूतून ती निवडावी लागते. 'पर्सिस्ट-ऑल'मध्ये प्रणालीतले बदल रॅममध्ये राहतात आणि बंद करताना ड्राइव्हवर जातात. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइली मात्र लगेच लिहिल्या जातात. 'पर्सिस्ट-स्टॅटिक'मध्ये सगळेच थेट ड्राइव्हवर जाते.

गोव्यातल्या पावसाळ्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, काणकोण-सत्तरीकडे जोराचा वारा सुटला की वीज जाते आणि मशीन जागच्या जागी बंद पडते. 'पर्सिस्ट-ऑल'मध्ये तेव्हा न साठवलेले इन्स्टॉलेशन जाईल, पण बदल साठवणारी पर्सिस्टन्स फाइल सहसा सुरक्षित राहते. 'स्टॅटिक'मध्ये ऐन लिहिताना वीज गेली तर ती बिघडू शकते. म्हणून 'पर्सिस्ट-ऑल' घ्या आणि नवे काही टाकल्यावर कंट्रोल सेंटरमधून बदल लगेच साठवा. रॅम १ जीबीच असेल तर मोठ्या अपडेटने ती भरते. तेव्हा 'स्टॅटिक'ला पर्याय नाही, पण अशी अपडेट वीज स्थिर असतानाच करा.

पहिल्यांदा पर्सिस्टन्स फाइलचा आकार विचारला जातो. १६ जीबीच्या ड्राइव्हवर रूटला (प्रणालीच्या बदलांना) ४ आणि होमला (तुमच्या फाइलींना) ४ जीबी पुरतात. 'डेमो' हा मूळ पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, तो त्याच वेळी बदला. मराठीसाठी सिनॅप्टिक या प्रोग्राम टाकण्याच्या साधनातून लोहित देवनागरी फॉन्ट टाका आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा. त्याच मांडणीवर देवनागरी कोंकणीही टंकता येते.

काळा पडदा आला तर बूट ओळीत 'नोमोडसेट' जोडा. वायफाय जोडलेले असूनही प्रत्येक संकेतस्थळ प्रमाणपत्राची चूक दाखवत असेल तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर-२०३२ असतो. काही लॅपटॉपांत वायर जोडलेला येतो, म्हणून जुना काढून दुकानात सोबतच न्या.