काही महिन्यांसाठी गाव सोडताय? कुत्र्याचं काय करायचं, ते आधी ठरवा

साताऱ्यातून पुण्या-मुंबईला चार-सहा महिन्यांसाठी मुक्काम हलवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कुणाला नोकरीतलं ट्रेनिंग असतं, कुणाच्या घरी मोठं ऑपरेशन, कुणी जुनं घर पाडून बांधायला काढलेलं असतं. टेम्पो ठरतो, पोरांच्या शाळेचं ठरतं, तुळशीला पाणी कोण घालणार तेही ठरतं. कुत्र्याचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो आणि "गावाकडं सोडू, राहील तिकडं" एवढ्यावर मिटतो. गावाकडचा पर्याय वाईट आहे असं नाही. पण घाईत घेतला की तो बहुतेकदा अंगाशी येतो. या निर्णयासाठी निदान महिनाभर हाताशी ठेवा. लशी, नव्या माणसाची ओळख, एखादी चाचणीची रात्र, सगळ्याला तेवढा वेळ लागतोच.

पहिली पायरी: तारखा लिहून काढा

"बघू, चार-सहा महिने" यावर कुणी कुत्रं सांभाळायला मनापासून हो म्हणत नाही. जायची तारीख, परतायची तारीख आणि काम लांबलंच तर जास्तीत जास्त कधीपर्यंत, हे तिन्ही कागदावर येऊ द्या. माझा ढोबळ हिशेब सांगतो. पंधरा-वीस दिवसांसाठी कुत्र्याला परगावच्या फ्लॅटवर नेण्यात अर्थ नाही. ते रुळेपर्यंत परतायची वेळ येते. तीन महिन्यांच्या पुढचा मुक्काम असेल, तर सोबत नेता येईल का ते आधी बघावं. आणि वर्ष उलटणार आहे, परतायचीही खात्री नाही, असं असेल तर त्याला तात्पुरतं म्हणू नये. अशा वेळी त्याच्यासाठी कायमचं चांगलं घर शोधावं.

रात्री गाडीत घालून घाटात सोडून येणं हा पर्यायच नव्हे. उपाशी-तहानेलं राहील अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. शिवाय आयतं ताट मिळालेल्या कुत्र्याला उकिरड्यावर पोट भरता येत नाही, आणि तिथली कुत्री त्याला उभंही करत नाहीत.

दुसरी पायरी: आपलं कुत्रं नेमकं कसं आहे?

इथं लाड बाजूला ठेवून बघायचं. दहा वर्षांचं, सांधे धरलेलं, रोजच्या गोळ्यांवरचं कुत्रं शक्यतो हलवूच नये. हलवायचंच तर तुमच्याबरोबर. तीन-चार महिन्यांचं पिल्लू, ज्याच्या लशी पुऱ्या झालेल्या नाहीत, ते डॉग हॉस्टेलवर ठेवू नका. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा साथीचा रोग अशाच ठिकाणी गाठतो. एका माणसामागं सावलीसारखं फिरणारं कुत्रं मोठ्या गोतावळ्यात बुजतं. उलट दारात येईल त्याच्यापुढं शेपूट हलवणारं कुठंही रमतं.

कुत्री असेल आणि तिचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर माजावर यायची वेळ मोजा. साधारण सहा महिन्यांनी पाळी येते आणि दोन-तीन आठवडे चालते. ती नेमकी तुमच्या गैरहजेरीत येणार असेल तर सांभाळणाऱ्याला आधी सांगा, किंवा पुरेसं आधी ऑपरेशन करून घ्या. नाहीतर न्यायला जाल तेव्हा सोबत पाच पिल्लंही घ्यावी लागतील.

तिसरी पायरी: जागेपेक्षा माणूस बघा

बंगला, अंगण, शेत ही लोकांच्या नजरेत भरणारी गोष्ट. कुत्र्याला दिवसात दोनदा कोण फिरवणार, रात्री ते रडलं तर कोण उठणार आणि आजारी पडलं तर गाडी कोण काढणार, हे महत्त्वाचं. "आम्ही सगळे आहोत की" असं उत्तर आलं तर समजा, नेमकं कुणीच नाही. एका माणसाचं नाव पक्कं करा. घरातल्या बाकीच्यांचा, विशेषतः काकू-मावशींचा होकार वेगळा विचारा. दारातली घाण शेवटी त्यांनाच काढावी लागते.

सोबत न्यायचं ठरलं तर घर भाड्यानं घेतानाच कुत्र्याचं सांगा, आणि करारात तसं लिहून घ्या. सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, अशी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण घरमालकानं आपल्या फ्लॅटपुरतं नाही म्हटलं, तर सहा महिन्यांसाठी वाद घालण्यात शहाणपणा नाही. दुसरं घर बघा. पुण्यात महापालिकेचा परवाना काढावा लागतो, त्यासाठी रेबीज लशीचा दाखला जवळ ठेवा. वरचा मजला असेल तर बाल्कनीला जाळी आधी, कुत्रं नंतर.

सातारा-पुणे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतलं, त्यामुळं गाडीच सोयीची. निघण्याआधी तीन-चार तास जेवण देऊ नका, खंबाटकीच्या वळणांवर ते बाहेर येतं. शिरवळला थांबून पाणी पाजा, पट्टा घालूनच उतरवा. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही लक्षात असू द्या. चहाला उतरताना कुत्रं बंद गाडीत ठेवू नका. उन्हाळ्यात काही मिनिटांत गाडीची भट्टी होते. लांबच्या प्रवासाला रेल्वे घेणार असाल तर स्लीपर, थ्री टायर, टू टायरमध्ये कुत्र्याला परवानगी नाही. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर पार्सल ऑफिसातून नोंदवून गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत घाबरट कुत्र्याला मी कधीच पाठवणार नाही.

गावाकडं ठेवणार असाल तर

इथं जरा थांबू, कारण आपल्याकडं दहातली आठ माणसं हेच करतात. मोकळं रान, भरपूर माणसं, वाटतं कुत्र्याचं भाग्यच. पण शहरातल्या घरात वाढलेल्या कुत्र्याला रानातल्या गोष्टी माहीत नसतात.

सगळ्यात आधी बिबट्या. कराड, पाटण, तिकडं शिराळा-वाळवा, या उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत आणि कुत्रं ही त्यांची सोपी शिकार. ऊसतोड सुरू झाली की फडातला आडोसा जातो आणि ते वस्तीच्या आणखी जवळ फिरतात. मळ्यातल्या घरासमोर रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे आयतं वाढलेलं ताट. "रात्री घरात किंवा दार लागणाऱ्या खोलीत घेणार का?" हा प्रश्न स्पष्ट विचारा. "आमची कुत्री बाहेरच असतात" असं उत्तर आलं, तर पाहुणे कितीही जवळचे असोत, तिथं ठेवू नका.

दुसरं, तासगाव-मिरज भागात पाहुणे असतील तर द्राक्षं. द्राक्ष आणि बेदाणा, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्लं तर चालतं असा भरवशाचा आकडा नाही. बागेत खाली पडलेले घड, बेदाण्याच्या शेडमधली चाळण, पोरांनी प्रेमानं भरवलेली मूठ, सगळ्यांबद्दल आधीच बजावून ठेवा. खाल्लंच तर ओकारीची वाट न बघता तासाभरात डॉक्टर गाठायचा. फवारणीच्या दिवशी कुत्रं बागेत नको, आणि उंदरांसाठी ठेवलेलं औषध कुठं आहे ते विचारून घ्या.

हॉस्टेलवर ठेवणार असाल तर न कळवता एकदा जाऊन या. वास, पाण्याची भांडी आणि रात्री तिथं माणूस झोपतो का, हे तीन बघितलं तरी पुरे. लशींचा दाखला न मागता कुत्रं घेणारं हॉस्टेल नको. तुमचा मागत नाहीत म्हणजे बाकीच्यांचाही मागत नसतील. राहिला शेजाऱ्यानं दोन वेळा येऊन जेवण घालण्याचा पर्याय. दोन दिवसांसाठी ठीक, त्यापुढं नाही.

चौथी पायरी: डॉक्टर आणि चाचणी

निघण्याआधी तीन-चार आठवडे पशुवैद्यकाकडं जा. रेबीजची आणि एकत्रित लस चालू आहे का बघा, हॉस्टेल असेल तर केनेल कफचीही (एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत पसरणाऱ्या खोकल्याची) विचारा, जंताचं औषध द्या. गोचिडावरची गोळी किंवा थेंब पावसाळ्याच्या तोंडावर विसरू नका; गोचीडतापानं चांगली धडधाकट कुत्री आडवी होतात. गळ्यात दोन मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला घाला, एक तुमचा, एक सांभाळणाऱ्याचा. नव्या जागी पहिल्या आठवड्यातच कुत्री जुन्या घराच्या ओढीनं पळतात, तेव्हा फाटक आणि पट्टा दोन्हीकडं लक्ष लागतं.

मग दोन रात्रींसाठी त्याला तिथं ठेवून बघा. जेवलं का, झोपलं का, तिथल्या जनावरांशी कसं वागलं, हे कळेल. जमलं नाही तर दुसरा पर्याय शोधायला अजून दिवस हातात असतात.

पाचवी पायरी: चिठ्ठी आणि पैसे

तोंडी सांगितलेलं चार दिवसांत विसरतं. फ्रीजवर चिकटवता येईल अशी चिठ्ठी द्या. साधारण अशी:

"नाव मोती, वय ६. सकाळी साडेसहा आणि रात्री नऊला फिरवणे. मांजर दिसलं की हिसका देतो. जेवण दोनदा, भात आणि अंडं, मीठ-मसाला नाही. कांदा-लसणाचं कालवण, चॉकलेट, शिजवलेली हाडं अजिबात नाहीत. जिना उतरताना मागचा डावा पाय उचलतो, ते जुनं आहे. कानाला हात लावलेला खपत नाही. फटाके वाजले की पलंगाखाली जातो, ओढून काढू नये. एक वेळ जेवला नाही तर चालेल. दुसऱ्या दिवशीही शिवलं नाही तर डॉक्टरांना फोन."

खाली डॉक्टरांचा नंबर, आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव. खाण्याचे आणि औषधांचे पैसे आगाऊ हातात ठेवा. नातेवाईक "पैसे कसले घ्यायचे" म्हणतील. तरी ठेवा, नाहीतर आजारपणात डॉक्टरकडं न्यायला उगाच दोन दिवस जास्त लागतात. त्याची जुनी चादर न धुता द्या, घराचा वास असलेली. नेहमीचं खाणं आठवडाभर पुरेल एवढं पाठवा आणि नवीन खाणं हळूहळू मिसळायला सांगा, एकदम बदललं की हगवण लागते.

सोडताना दारात रडारड नको. फिरवून आणा, पाणी पाजा आणि निघा. पहिले तीन-चार दिवस व्हिडिओ कॉलवर त्याला हाका मारू नका. आवाज ऐकून ते घरभर शोधत बसतं. सांभाळणाऱ्याला मात्र फोन करत राहा.

परत आणल्यावर कानांमागं, बोटांच्या बेचक्यात गोचिडं बघा, वजन करा, आठवडाभर जुन्या-नव्या खाण्याचं मिश्रण चालू ठेवा. ते दोन दिवस तुमच्याकडं पाठ करून बसलं तर बसू द्या.