रसायनांचा साठा कळवायचा कसा, आणि सांडलं तर पहिला फोन कधी

कारखान्यात अमुक रसायन किती आहे असं विचारलं की स्टोअरमधून आजची शिल्लक सांगितली जाते. कायद्याला हवा असतो वेगळा आकडा: त्या जागेवर एका वेळी जास्तीत जास्त किती माल असू शकतो. शटडाउनच्या आधी दोन टँकर जास्तीचे मागवले, जुना माल अजून संपलेला नाही, नवा येऊन पडलाय, असा वर्षातला सगळ्यात भरलेला दिवस धरायचा. परवानग्या, कागद आणि अपघातानंतरची चौकशी, सगळं याच आकड्यावर उभं राहतं.

भोपाळच्या १९८४ च्या वायुगळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखाली आलेले 'धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवणूक व आयात नियम, १९८९' या कामाचा पाया आहेत. कारखान्यांत त्यांना एमएसआयएचसी म्हणतात. रसायनांची मुख्य यादी पहिल्या अनुसूचीत आहे. प्रक्रियेशी न जोडलेल्या स्वतंत्र साठ्याच्या मर्यादा दुसऱ्या अनुसूचीत, प्रक्रियेसकट असलेल्या साठ्याच्या तिसरीत. आपला साठा कुठल्या तक्त्यात बसतो हे आधी ठरवा.

प्रत्येक रसायनापुढे दोन मर्यादा दिल्यात. पहिली गाठली की जागेची सूचना, आणीबाणीचा आराखडा आणि लोकांना माहिती देणं बंधनकारक होतं. दुसरी गाठली की सुरक्षा अहवालही लागतो. क्लोरीनला त्या १० आणि २५ टन आहेत. अमोनियाच्या स्वतंत्र साठ्याला ६० आणि ६०० टन. मिथाइल आयसोसायनेटला दोन्ही मर्यादा १५० किलोच.

क्लोरीनचा हिशोब टोनरमध्ये, म्हणजे त्याच्या मोठ्या आडव्या सिलिंडरमध्ये, करून पाहा. एका टोनरमध्ये ९०० किलो. अकरा टोनर म्हणजे ९.९ टन, म्हणजे काठावर. बारावा उतरला की १०.८ टन, आणि तुम्हाला नियम लागू झाला. अकरा टोनर ठेवून निर्धास्त राहणारे एक विसरतात: शेडच्या कडेला 'रिकामे' म्हणून उभे असलेले टोनर पूर्ण रिकामे नसतात. त्यांतला उरलेला वायूही मोजायचा.

दुसरी चूक अंतराची. एकाच भोगवटादाराच्या (जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या) दोन जागांत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर दोन्हीकडचा साठा एकत्र धरतात. रस्त्यापलीकडच्या गोडाऊनमध्ये माल टाकून मर्यादा चुकवता येत नाही. जागेला जोडलेल्या पाइपलाइनचा ५०० मीटरच्या आतला, तुमच्या ताब्यातला भागही धरायचा. टँकर उभा करून टाकीसारखा वापरत असाल तर तोही. नुसता माल घेऊन येणारा टँकर मात्र मोजत नाहीत.

नोंदवही करताना मालाच्या व्यापारी नावावर जाऊ नका. 'डिस्केलर', 'थिनर', 'क्लीनर' ही नावं यादीत सापडणार नाहीत. एसडीएसचा (मालासोबतच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा) तिसरा भाग उघडा, घटक आणि त्यांचे सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचे जगभर एकच असलेले ओळख क्रमांक, घ्या (क्लोरीनचा ७७८२-५०-५, अमोनियाचा ७६६४-४१-७) आणि ते यादीशी ताडून पाहा. पुरवठादार एसडीएस देत नसेल तर माल गेटच्या आत घेऊ नका. वहीत रसायन, सीएएस क्रमांक, कमाल साठा, टाकी की ड्रम, जागा आणि तारीख एवढे रकाने पुरतात. खरेदी विभागाला त्यातली कमाल साठ्याची मर्यादा लेखी द्या, नाहीतर सवलतीत मिळाला म्हणून माल येतो आणि ईएचएसला (पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा विभागाला) तो गेटवर कळतो.

पहिली मर्यादा गाठणार असाल तर सातव्या अनुसूचीतल्या तपशिलांचा अहवाल काम सुरू होण्याच्या किमान ३ महिने आधी द्यायचा. महाराष्ट्रातल्या कारखान्यांसाठी तो औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे 'डिश'कडे जातो. साठ्यात पुढे फरक पडला तर सुधारित अहवाल द्यावा लागतो. हा सगळ्यात जास्त राहून जाणारा कागद: नवीन टाकी बसते, पाइपिंग होतं, उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि डिशच्या फाइलमध्ये आकडा जुनाच राहतो.

दुसऱ्या मर्यादेच्या वर आठव्या अनुसूचीप्रमाणे सुरक्षा अहवाल ९० दिवस आधी द्यायचा. शिवाय कारखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून दर वर्षी सुरक्षा ऑडिट करून घ्यायचं आणि त्याचा अहवाल ३० दिवसांत पाठवायचा. अंतर्गत आणीबाणी आराखड्याची मॉक ड्रिल दर ६ महिन्यांनी.

आता सांडण्याकडे.

पहिल्या काही मिनिटांत माणसं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला काढा, सुरक्षित असेल तरच व्हॉल्व्ह बंद करा आणि पावसाच्या पाण्याचं गटार अडवा. होज लावून जमीन धुणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. बंडमध्ये (टाकीभोवतीच्या अडवणाऱ्या भिंतीच्या आत) अडलेलं ॲसिड पाण्याबरोबर नाल्यात जातं आणि आवारातली गळती नदीचं प्रकरण होते. पावसाळ्यात बंडमधलं पाणी काढायला ड्रेन व्हॉल्व्ह उघडतात आणि तो तसाच राहतो. तो कायम बंद आणि कुलपात ठेवा, किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. पाणी सोडण्याआधी पीएच बघा. बंडची क्षमता त्यातल्या सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के असावी.

टोनर गळत असेल तर त्यावर पाणी मारू नका. ओलसर क्लोरीन धातू खातं आणि भोक मोठं होतं. प्रशिक्षित माणसांनी बीए सेट (पाठीवर हवेची टाकी असलेला श्वसनसंच) घालून टोनर असा फिरवायचा की गळतीची जागा वर येईल. मग द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो. द्रव क्लोरीनचा वायू झाला की त्याचं आकारमान साडेचारशे पटींहून वाढतं, त्यामुळे एवढ्यानेही गळती कित्येक पटींनी कमी होते. नंतर गळती रोखायच्या किटमधलं हूड (गळतीवर बसणारं झाकण) बसवायचं.

हे चालू असतानाच दुसऱ्या माणसाने फोन करायचा. जल कायद्याचं कलम ३१ आणि वायू कायद्याचं कलम २३ यांत टनांची मर्यादा नाही. विषारी किंवा प्रदूषक पदार्थ नाल्यात, विहिरीत, जमिनीवर जाऊन पाणी खराब होण्याची नुसती शक्यता असली, किंवा हवेत मर्यादेबाहेर उत्सर्जन होण्याची, तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवावं लागतं. 'आमचा साठा मर्यादेखाली आहे' हे उत्तर इथे चालत नाही.

फोनवर काय बोलायचं ते आधीच लिहून कंट्रोल रूममध्ये लावा. साधारण असं: 'अमुक प्लॉटवरून बोलतोय. पावणेतीनला ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीचा फ्लँज गळायला लागला. अंदाजे ६०० किलो बंडमध्ये आहे, गटार बंद केलंय, बाहेर काही गेलेलं नाही. एकाला भाजलंय, दवाखान्यात नेलंय. वारा पूर्वेकडे. गळती अजून चालू आहे. माझा नंबर घ्या.' कोणाला, किती वाजता फोन केला आणि पलीकडे कोण बोललं हे जागेवरच लिहा. नंतर आठवून लिहिलेल्या वेळा जुळत नाहीत आणि चौकशीत तेच बाहेर येतं.

तो ६०० किलोचा अंदाज असा येतो. उभ्या टाकीचा व्यास २ मीटर म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. पातळी १० सेंटिमीटरने उतरली तर ३१४ लिटर गेलं. घनता १.८४, म्हणजे सुमारे ५७८ किलो. प्रत्येक टाकीसाठी 'दर सेंटिमीटरला इतके किलो' असा पट्टा टाकीवरच रंगवून ठेवा.

मोठा अपघात असेल तर १९८९ च्या नियमांतला नियम ५ लागतो: ४८ तासांत संबंधित प्राधिकरणाला सूचना आणि सहाव्या अनुसूचीप्रमाणे अहवाल. मोठा अपघात म्हणजे नुसता मृत्यू नव्हे. आवारात दहा किंवा जास्त जखमी, आवाराबाहेर एक जखमी, आणीबाणी लावावी लागेल अशी गळती, आग किंवा स्फोट, यंत्रसामग्रीचं नुकसान होऊन बंद पडलेली प्रक्रिया, पर्यावरणाला झालेली इजा, हे सगळं व्याख्येत बसतं. कारण सापडेपर्यंत कागद अडवून ठेवायची चूक सर्रास होते. नियमाने अहवाल हप्त्याहप्त्याने द्यायला परवानगी आहे. ठाऊक आहे तेवढं द्या, कारणाचा तपास चालू असल्याचं लिहा.

सांडलेला माल घातक कचरा असेल, किंवा तो नेताना गाडीतून सांडला असेल, तर २०१६ च्या घातक कचरा नियमांतला नियम २२ लागू होतो. मंडळाला लगेच फोन आणि ई-मेल, त्यानंतर फॉर्म ११ मध्ये अहवाल. वाहतूकदारावरही ही जबाबदारी आहे, त्यामुळे ड्रायव्हरकडे नंबर हवेत.

सफाईत वापरलेली वाळू, शोषक, हातमोजे, खरवडलेली माती हाही बहुधा घातक कचराच. झाकणाच्या ड्रममध्ये भरा, फॉर्म ८ चं लेबल लावा, फॉर्म ३ मध्ये वजन चढवा. तो ९० दिवसांत मॅनिफेस्टसह (कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतुकीच्या कागदासह) अधिकृत सुविधेकडे जायला हवा आणि ३० जूनपर्यंत भरायच्या फॉर्म ४ मध्येही दिसायला हवा. गळती ६०० किलोंची कळवली आणि कचरा दोनच ड्रम दाखवला, तर बाकीचं कुठे गेलं हे मंडळ विचारणारच. ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) उदासीन करून सोडलं असेल तर त्या दिवशीच्या ईटीपी लॉगमध्ये तितका चुना किंवा कॉस्टिक खर्ची पडलेला दिसला पाहिजे.