मेणवलीला जलरंग घेऊन जाताना (आधी छत्री)

छत्री घ्या. डिसेंबरात आभाळ कोरडं, छत्री दाराच्या मागे खुंटीला, आणि पावसाळा सरला की तिची आठवण आपल्याकडे कुणाला होत नाही. म्हणून ती पहिल्या ओळीत. गेल्या खेपेला पिशवीत सगळं होतं, तीच तेवढी नव्हती, आणि दोन चांगले कागद वाया गेले. यादी वाईजवळच्या मेणवलीच्या घाटासाठी आहे, पण वाईचा गणपती घाट असो की धोम, उघड्या दगडी घाटावर हिशोब तोच.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), सुती, मध्यम खरखरीत. इम्पीरियलचा (२२ बाय ३० इंचांच्या पूर्ण तावाचा) पाव म्हणजे ११ बाय १५ इंच, असे दोन. अर्ध्या इम्पीरियलचा मोह नको. कोरड्या हवेत आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खाली आणेपर्यंत वरचा सुकलेला असतो. बोर्ड ६ मिलिमीटर प्लायचा, १३ बाय १७. पुठ्ठा ओलाव्याने वाकतो आणि वॉश मधल्या खोलगटात जाऊन बसतो. बोर्डच्या दोन्ही अंगांना एकेक कागद, चारही बाजूंनी टेप, आणि हे आदल्या रात्री घरीच. घाटावरच्या धुळीत टेप धरत नाही. वाऱ्यासाठी वरून दोन क्लिपा.

रंग आठ पुरे: अल्ट्रामरीन, सेरुलियन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अम्बर, यलो ऑकर, लेमन यलो, अलिझरिन, विरिडियन. काळा घरी ठेवा. ब्रश १२ आणि ६ नंबरचे गोल, एक इंची चपटा, फांद्यांसाठी लांब बारीक केसांचा रिगर. बांबूच्या चटईत गुंडाळून, टोकं मोकळी. पेन्सिल, पुट्टी रबर, बसायला स्टूल. जुन्या सुती साडीची दोन फडकी. टिश्यू उडतात, ही उडत नाहीत.

पाणी घरून दोन लिटर आणि दोन रुंद तोंडाचे डबे, एक ब्रश धुवायला, दुसरा स्वच्छ पाण्याचा. समोर कृष्णा आहे म्हणून बाटली न नेणारे भेटतात. नदीच्या पाण्यात बारीक गाळ असतो, तो पातळ वॉशमध्ये ठिपक्याठिपक्यांनी खाली बसतो आणि आकाश मळकट दिसतं. खराब पाणी मात्र नदीत ओतायचं नाही. सेरुलियनमध्ये कोबाल्ट असतं आणि चार पायऱ्या खाली कुणीतरी अंघोळ करत असतं. रिकाम्या बाटलीत भरून परत आणा.

आता छत्री. लांब दांडीची, काळी, साधी. रंगीत नको, फुलाफुलांची तर नकोच. लाल छत्रीखाली कागद गुलाबी दिसतो, डोळा ते मनातल्या मनात दुरुस्त करतो, हात निळा जास्त घेतो, आणि घरी चित्र थंडगार निघतं. बाहेरून चंदेरी, आतून काळी अशी मिळाली तर उत्तम. आतून चंदेरी असेल तर ती घाटाच्या दगडावरून उसळलेला उजेड पुन्हा कागदावर पाडते, म्हणजे छत्री असून नसल्यासारखी.

छत्री डोक्यासाठी नाही. डोक्याला टोपी आहे. छत्री कागदाला आणि पॅलेटला. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात, बाहुली आक्रसते, आणि समोरच्या देवळाची सावली काळं भोक दिसायला लागते. तुम्ही तशीच गडद लावता. शिवाय उन्हात प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून आणखी एक थर, मग आणखी एक. जागेवर चित्र झकास दिसतं. घरी ट्यूबलाइटखाली काढलं की काजळी फासल्यासारखं. हे रंगाचं किंवा कागदाचं दुखणं नाही, त्यावर खर्च करू नका. सावली नसल्याचं दुखणं आहे.

दुसरं, वाळणं. सकाळी आठला नदीकाठी दमट गारवा असतो, वॉश पंधरा मिनिटं ओला राहतो आणि माणूस वैतागतो. दहाला तोच वॉश उन्हात ब्रशच्या मागोमाग वाळतो. मग जोड दिसते, जोड लपवायला पाणी घातलं की ते अर्धवट सुकलेला रंग मागे ढकलतं आणि कातरलेली, कोबीच्या पानासारखी कड बसते. ती निघत नाही. पॅलेटमधला रंगही एव्हाना चिकट होतो. छत्रीखाली यातलं निम्मं टळतं.

“तिथे पिंपळ आहे ना!” नाही. पिंपळाची सावली म्हणजे हलणारे उजेडाचे कवडसे. कागदावर एक ठिपका दिपवणारा, शेजारचा हिरवट काळोखा, आणि वारा आला की दोघांची अदलाबदल. असल्या कागदावर छटा तोलता येत नाहीत. वरून पक्षीही बसतात, आणि ते कागद ओला असतानाच नेम साधतात. झाडाखाली बसायचंच असेल तर झाडाखाली छत्री.

ती बांधायची कशी हे घरी एकदा करून बघा. बागेतल्या छत्रीसारखा खाली टोकदार खिळा असलेली छत्री दगडी घाटावर निरुपयोगी, घाटात काही रुतत नाही. कॅमेऱ्याच्या जुन्या तिकाटण्याच्या पायाला दांडी सुतळीने दोन जागी बांधा, एक गाठ वर, एक वीतभर खाली. एकाच गाठीवर ती गोल फिरते. सुतळी तीन मीटर. तिकाटण्याच्या मध्यावर कापडी पिशवी लटकवा आणि तिथलेच दोन-तीन दगड आत टाका. अकराच्या सुमाराला खोऱ्यातून वारा उठला की छत्री शीड होते आणि बोर्डसकट सगळं नदीकडे निघतं. वारा फारच वाढला तर छत्री मिटा आणि त्याच क्षणी रंगवणंही थांबवा. छत्रीशिवाय “एवढं तेवढं” पूर्ण करायला गेलात की वर लिहिलेले सगळे घोटाळे दहा मिनिटांत होतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून दर अर्ध्या तासाने छत्री थोडी हलवा. कागदाच्या कोपऱ्यावर उन्हाची फीत आली की वेळ झाली.

जागा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून पायऱ्या उतरा. घाट कमानीसारखा वळतो, बाजूला देवळं, आणि वसईहून आणलेली १७०७ सालची मोठी घंटा असलेलं छोटं देऊळ. सगळं एका कागदावर मावत नाही. पुठ्ठ्यात साडेपाच बाय साडेसात सेंटिमीटरची खिडकी कापून न्या, प्रमाण पाव इम्पीरियलचंच येतं. त्यातून बघा आणि दोन तृतीयांश घाट सोडून द्या. आधी पाच मिनिटांचं पेन्सिलीचं टाचण, तीनच छटांचं. पाण्याची रेघ सगळ्यात आधी नक्की करा. वर धोमचं धरण आहे, पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात आणि प्रतिबिंब बदलतं.

पायऱ्या मोजून काढू नका. नीट बघा: पायरीचा माथा आकाशाचा उजेड झेलतो, उन्हात जवळजवळ कोरा कागद, उभा भाग मात्र सावळा. कोरडा बेसॉल्ट काळा नसतो, उबदार राखाडी असतो, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, त्यात सिएना जरा जास्त. पाण्याला लागलेल्या दोन-तीन पायऱ्या तेवढ्या खऱ्या काळ्या, तिथे तेच दोन रंग घट्ट, अल्ट्रामरीन जास्त. हा फरक पकडला की ओलं-कोरडं आपोआप वेगळं दिसतं. एका जागी तीन-चार पायऱ्यांच्या कडा स्पष्ट, बाकी घाट एका वॉशमध्ये.

वेळ: डिसेंबर अखेरीस सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. आठला बसा, साडेआठला पहिला वॉश, सावल्या नऊच्या आत सगळ्या एकदम टाका आणि मग सूर्य कुठेही जावो, बदलू नका. या दिवसांत दुपारीही सूर्य ४९ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे भिंतींना दिवसभर आकार असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो माथ्यावर येतो, तेव्हा भर दुपारी जाऊ नका. शूटिंग चालू असेल तर घाट मिळत नाही, आधी गावात विचारा. पोरं जमतात, त्यांना उजेडाच्या बाजूला उभं राहू देऊ नका.

उरलेलं थोडक्यात. साडेदहाला थांबा. कागद पूर्ण सुकल्याशिवाय बोर्ड पिशवीत घालू नका. फोटो सावलीत. ब्रश धुऊन आडवे. टेप घरी, बाहेरच्या बाजूला तिरका ओढून. सुतळी कापू नका, गाठ सोडवून गुंडाळा. आणि छत्री परत दाराच्या मागे टांगायची नाही. बोर्डच्या पिशवीला बांधून ठेवायची, आत्ताच.