सही नसलेलं टोकन पण चालतंय? माझा अनुभव

लक्षण असं की जेडब्ल्यूटीच्या (लॉगिननंतर मिळणारं सही केलेलं टोकन, म्हणजे डिजिटल ओळखपत्र) हेडरमधे सहीच्या अल्गोरिदमच्या जागी 'नन' (none, म्हणजे सहीच नाही) लिहिलं, शेवटच्या टिंबापुढची सही उडवली, रोल अ‍ॅडमिन केला, तरी सर्व्हर ४०१ (प्रवेश नाकारला) ऐवजी २०० (सगळं ठीक) देतोय. सही करायची की (गुप्त किल्ली) बदलून पाहिली, एक्सपायरी १५ मिनिटांवर आणली, ढिम्म फरक नाही, दोन रात्री गेल्या. सहीच तपासत नाही तर की बदलून काय डोंबल होणार! २०१५ सालीच गाजलेला घोळ हा, आमची लॉगिन लायब्ररी त्याआधीची.

आधी लायब्ररी अपडेट केली, मग व्हेरिफायच्या (सही तपासणाऱ्या) कॉलमधे अल्गोरिदम स्वतः ठरवून दिला, फक्त आरएस२५६ (प्रायव्हेट कीने सही, पब्लिक कीने तपासणी), सोबत एचएस२५६ (दोन्हीला एकच सीक्रेट) ठेवू नका नाहीतर पब्लिक कीच सीक्रेट समजून कोणीही सही ठोकतो. मग नुसतं डिकोड (सही न तपासता टोकन वाचणं) जिथे होतं तिथे व्हेरिफाय टाकलं, रीस्टार्ट केलं, तेच खोटं टोकन परत पाठवलं. ४०१ आला एकदाचा.