ई-सायकलसाठी आधी काय घ्यावे
पेडलला मोटारीची साथ देणारी ई-सायकल साध्या सायकलीपेक्षा जड असते आणि तिचा सरासरी वेगही जास्त असतो, त्यामुळे तिचे ब्रेक पॅड लवकर झिजतात; म्हणून सुरक्षिततेच्या दृष्टीने मोबाइल-स्टँडसारख्या वस्तूंआधी डोक्यावर नीट बसणारे हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि दाबमापक असलेला हवेचा पंप घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत पुरेशी हवा ठेवली, तर त्याच चार्जिंगमध्ये अंतर अधिक कापता येते. चढ लागण्याआधीच हलका गिअर टाकावा.

वेगमर्यादा उठवणारे किट मात्र कधीही बसवू नये, कारण भारतात २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या ई-सायकलला नोंदणीतून मिळालेली सूट त्यामुळे जाते.

कोकणासारख्या पावसात लांब मडगार्ड अत्यावश्यक आहेत. सायकल धुताना मोटारीच्या व तारांच्या जोडांवर जोराचा फवारा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि चार्जरची पिन बसते ती जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जर लावू नये. महिनाभर सायकल उभी राहणार असेल, तर बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवावी.